एका साक्षीची फाइल

मिलिंद,

तू गेल्याला आज बावीस दिवस झाले. तुझ्यासाठी चिंचवडला सभा झाली तेव्हा भोसरी, तळवडे, चाकण, सगळीकडची गॅरेजवाली मंडळी आली होती. कामाच्या दिवशी, भर दुपारी, शटर ओढून. हॉलमध्ये ग्रीसचा आणि साबणाचा मिळून एक वास होता. तुला तो ओळखीचा वाटला असता.

भोसरीचा युसूफभाई बोलायला उभा राहिला. इतकी वर्षं इंजिनं बांधणारा माणूस, पण बोलणं कागदावर लिहून आणलं होतं. तो म्हणाला, "मिलिंदभाईच्या हातात जादू होती. सरांनी दोन साक्षींची पद्धत शोधून काढली आणि मिलिंदभाईने ती शेवटपर्यंत पाळली. एकदा चूक झाली त्याच्याकडून, पण एवढ्या कामात एक चूक कोणाची होत नाही?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून "हे सगळं उलटं आहे" एवढंच म्हणायचं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

ती पद्धत तुझी होती आणि ती चूक माझी होती. आठ वर्षं ही अदलाबदल तशीच चालू आहे. मी आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि तुझ्याइतका अचानक जायची माझी तयारी नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. निगडीच्या घरासमोर उभी असलेली माझी जुनी डिझेल गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुर करत होती, म्हणून तुझ्या गाळ्यात आणली. तू गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला आपण सगळे ईसीएम म्हणतो, खोलून टेबलावर ठेवला होता आणि त्यातली फाइल लॅपटॉपवर वाचत होतास. इंजिनात किती डिझेल कधी जायचं याचे हजारो आकडे त्या फाइलमध्ये असतात. तू ते आकडे डोंगराच्या चित्रासारखे करून पाहत होतास. मी कोण हे तुला माहीत नव्हतं. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं तू मला दाखवलंस.

"हा उतार बघा सर. सगळा एकसारखा खाली येतोय. आणि इथे शेवटच्या दोन रांगांत एकदम उचललाय. गणिताने असं होत नाही. हे कोणीतरी हाताने भरलंय. हा माणूस थंडीला घाबरलेला आहे."

मी म्हणालो, "घाबरलेला नव्हता. कुडकुडत होता."

तू वळून पाहिलंस. तो माणूस मीच होतो. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं मी इंजिनांच्या चाचण्या घेतल्या. त्या गाडीच्या फाइलसाठी आम्ही बाराजण दोन हिवाळे हिमाचलात राहिलो होतो. पहाटे गाडी सुरू होईना म्हणून मी शेवटच्या दोन रांगांत अंदाजाने डिझेल वाढवलं होतं. ही गोष्ट कंपनीतल्या कुठल्या अहवालात नाही. तू ती नुसत्या आकड्यांवरून ओळखलीस. आयटीआयचा वायरमन, इंग्रजी वाचताना अजून बोट फिरवणारा, वडील पिंपरीच्या कारखान्यात फाउंड्रीत राबलेले. माझ्यासोबत परदेशात शिकलेले लोक होते. त्यांच्यापैकी एकालाही आकड्यांमागचा माणूस दिसला नव्हता.

त्या दिवशी चहा प्यायला थांबलो तो पुढे चौदा वर्षं थांबलो. तू मला कधी कामाला ठेवलं नाहीस, मी कधी नोकरी मागितली नाही. सकाळी निगडीहून बसने यायचं, तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचं. गिऱ्हाइकं समजायची की मी मालक आहे आणि तू माझा कारागीर. तू ते कधी दुरुस्त केलं नाहीस. मीही नाही. तेव्हापासूनच सुरुवात झाली असावी.

तुझ्या कामाची रीत कोणाला पटकन कळायची नाही, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. जुन्या गाडीचा ईसीएम बिघडला की दुसरा डबा भंगारातून मिळतो, पण त्यात त्याच गाडीची मूळ फाइल भरावी लागते. ती कंपनी देत नाही. आपल्यासारख्यांनी आलेल्या प्रत्येक गाडीची फाइल वाचून साठवून ठेवायची. लोक एका गाडीची फाइल वाचतात, तिला "मूळ" असं नाव देतात आणि दुसऱ्या गाडीत भरतात. तू तसं कधी केलं नाहीस. तुझ्याकडे दोन फोल्डर होते. एकाचं नाव "ऐकीव", दुसऱ्याचं "खरी". कुठलीही फाइल आली की आधी "ऐकीव"मध्ये. ईसीएमवर तोच नंबर असलेली दुसरी गाडी येईल तेव्हा, मग ती वर्षाने येवो, दोन्ही फाइली शेजारी ठेवायच्या. जिथे आकडे वेगळे तिथे स्क्रीन लाल होते. लाल काही निघालं नाही तरच ती फाइल "खरी"मध्ये जायची.

"एका गाडीने सांगितलं ते ऐकीव," तू म्हणायचास. "आधी कोणी तिच्या पोटात हात घातलाय का, ते ती स्वतः सांगत नाही."

गाळ्यात "बहुतेक" हा शब्द चालत नव्हता. कोणी "बहुतेक सेन्सर गेला असेल" म्हणालं की तू हातातलं काम थांबवून म्हणायचास, "बहुतेक बाहेर ठेवून या." युसूफभाई मुद्दाम दारातून ओरडायचा, "मिलिंदभाई, बहुतेक मी आलोय."

आपला वाद यावरच होता. मी म्हणायचो, ज्याने आयुष्यभर हे आकडे भरले त्याला एक नजर पुरते. फाइलला कोणी हात लावला असेल तर डोंगर वाकडा दिसतो. तू म्हणायचास, "सर, तुमची नजर चांगली आहे. पण नजरेला आकार दिसतो. उंची मोजावी लागते." मला ते लागायचं. माझ्या हातून बनलेल्या गोष्टीबद्दल तू मला शिकवतोस, हे लागायचं. तू फक्त काम सांगत होतास, मला मात्र त्यात माझी पायरी घसरताना दिसत होती.

आता आठ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचं सांगतो. दरवर्षी त्या दिवशी तू वहिनींना आणि लेकीला, प्रज्ञाला, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचास. गाळ्याची किल्ली माझ्याकडे असायची. मी येऊन हत्यारांना झेंडू वाहायचो. तू परत आल्यावर हसायचास, "सर, पाना-पकडीला घाला. लॅपटॉपला नको, पाकळ्या पंख्यात जातात." त्या वर्षी मी फुलं वाहिली आणि लॅपटॉप उघडून बसलो. "ऐकीव"मध्ये एक फाइल कितीतरी महिने पडून होती, उत्तरेकडून आलेल्या एका गाडीची. मी तिचा डोंगर फिरवून फिरवून पाहिला. कुठे खाच नाही, उचल नाही. मला खात्री होती. मी ती फाइल "खरी"मध्ये कॉपी केली आणि "ऐकीव"मधली पुसून टाकली. मनात म्हटलं, महिनाभराने सांगेन, की बघ, तुझी दुसरी साक्ष न येताही फाइल बरोबर होती. तुला हरवायचं होतं, एवढंच त्यात होतं.

मग सांगायचं राहून गेलं, आणि दिवाळीनंतर चाकणचे बाळासाहेब आले. कांद्या-बटाट्याचे व्यापारी, जुन्या गाडीवर लेकरासारखी माया. गाडी धुताना ईसीएममध्ये पाणी गेलं होतं. चार दिवसांनी पुतण्याचं लग्न संगमनेरला. तू भंगारातून डबा मिळवलास, "खरी" उघडलंस, नंबर जुळवलास. तीच फाइल. मी शेजारी चहा घेऊन उभा होतो. तू ती भरलीस, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. माझी नजर कामाला आली असं वाटलं.

संगमनेरच्या वाटेवर एका घाटात, सात माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन चढताना, गाडीचा पिस्टन वितळला. माणसं सुखरूप होती. लग्नाचा मुहूर्त मात्र त्यांना गाठता आला नाही.

गाडी ओढून आणली तेव्हा दुसरा कोणी असता तर डिझेलमध्ये भेसळ म्हणाला असता. बाळासाहेबांनी मानलंही असतं. तू तसं काही बोलला नाहीस. त्यांचा पाण्याने मेलेला जुना डबा मागून घेतलास, आतली चिप काढलीस, तिचे गंजलेले पाय भिंगाखाली एकेक करून साफ केलेस आणि दोन दिवस खटपट करून तिच्यातली फाइल वाचलीस. ती त्यांच्या गाडीची जन्मापासूनची फाइल होती. तिच्या शेजारी आपण भरलेली ठेवलीस. सगळी स्क्रीन लाल झाली.

उत्तरेकडच्या त्या गाडीला आधीच कोणीतरी हात लावला होता. करणारा हुशार होता. त्याने प्रत्येक रांग सारख्याच प्रमाणात उचलली होती. डोंगराचा आकार तसाच, नुसती उंची वाढलेली. तू मला जे समजावत होतास तेच, अक्षरशः तेच. सपाट रस्त्यावर जास्तीचं डिझेल पचलं, घाटात भरल्या गाडीने पचलं नाही.

स्वतःविरुद्धचा पुरावा तू स्वतः शोधलास आणि स्वतःच बाळासाहेबांसमोर ठेवलास. मी तीस वर्षांच्या नोकरीत असा माणूस पाहिला नाही. मला तुझा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्या दुपारचा, आणि माझी सगळ्यात जास्त लाज आहे तीही त्याच दुपारची.

कारण तू माझ्याकडे वळून विचारलंस, "सर, ही 'खरी'मध्ये कशी आली?"

बाळासाहेब उभे होते, युसूफभाई उभा होता. मी म्हणालो, "तूच टाकली असशील. कामाच्या गडबडीत."

तू पुन्हा स्क्रीनकडे वळलास. मग म्हणालास, "असेल."

बाळासाहेब खूप बोलले. "आमी इस्वासानं गाडी दिली हुती. सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली." तू मान खाली घालून ऐकत होतास. इंजिन तू युसूफभाईबरोबर उभं राहून नव्याने बांधून दिलंस, तरी चाकणच्या गॅरेजांत पुष्कळ दिवस चेष्टा चालली, की कॉम्प्युटरवाल्याकडे गाडी नेताय तर पिस्टन घरी काढून ठेवा. त्या हिवाळ्यात मेकॅनिक लोकांच्या संघटनेने फाइल जुळवणीचा वर्ग ठेवला होता. शिकवणार तू होतास. या बोभाट्यानंतर त्यांनी मला विचारलं, आणि मी हो म्हणालो. मी तुझे दोन फोल्डर शिकवले, तुझी वाक्यं वापरली, लाल स्क्रीन दाखवली. तू शेवटच्या बाकावर बसून माझा प्रोजेक्टर नीट चालतोय ना ते पाहत होतास. तिथून ती "सरांची पद्धत" झाली. आज चाकणपासून भोसरीपर्यंत निम्म्या गाळ्यांत ते दोन फोल्डर आहेत.

वर्गाहून परत येताना तुझ्या स्कूटरवर मागे बसलो होतो. सिग्नलला तू मान न वळवता म्हणालास, "सर, मला ते आठवतच नाही हो. ती फाइल मी कधी हलवली? रोज आठवून बघतो." मी म्हणालो, "सोड आता." सिग्नल सुटला.

या सगळ्याचं मला सोपं करून सांगता आलं असतं. तुला माहीत होतं आणि तू मला सांभाळून घेतलंस, असं म्हणता आलं असतं. पण तुला माहीत नव्हतं. तू मला माफ केलं नाहीस, कारण माफ करण्यासारखं काही आहे हे मी तुला कळूच दिलं नाही. मी तुझ्यावर नुसता आळ घेतला नाही, तुझा स्वतःच्या हातावरचा भरवसा काढून घेतला. त्यानंतर तू रजिस्टर सुरू केलंस. फाइल "ऐकीव"मधून "खरी"मध्ये जाताना त्यात नोंद, कोणी हलवली त्याचं नाव, आणि शेजारी दुसऱ्याची सही. लोकांना वाटलं, काय शिस्त आहे. शिस्त होतीच. पण ती तू स्वतःला आवरायला घातली होतीस, हे मला कळत होतं. मी तुझ्या शेजारच्या रकान्यात सह्या करत गेलो.

तरीही तुझ्यासोबतची वर्षं मला चांगली गेली, हे लिहायला हवं. निवृत्तीनंतर माझ्याबरोबरचे लोक बागेत चकरा मारत होते आणि मी रोज काहीतरी नवीन शिकत होतो. तुझ्या डब्यातली वहिनींची सुकटीची चटणी मी घरी न सांगता खात होतो. प्रज्ञाने कॉलेज संपवून गाळ्यातच बसायचं ठरवलं तेव्हा तू कपाळाला हात लावलास आणि संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी वेगळं टेबल करून आणलंस. तिची पहिली जुळवणी तू तपासलीस, काही न बोलता पुन्हा तपासलीस, आणि मला हळूच म्हणालास, "सर, माझ्यापेक्षा पोरीची बरी आहे."

परवा मी प्रज्ञाकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. दसरा, झेंडू, ती फाइल, "तूच टाकली असशील". ती सोल्डरिंग बाजूला ठेवून ऐकत होती. रडेल, ओरडेल, गाळ्यातून घालवून देईल, अशी मी तयारी केली होती. ती उठली आणि कपाटातून पहिलं रजिस्टर काढून आणलं.

पहिल्या पानावर पहिली नोंद त्याच फाइलची होती. रजिस्टर सुरू करताना तू मागची नोंदही भरून ठेवली होतीस. फाइलचा नंबर. चुकीने हलवली. आणि "कोणी" या रकान्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: मी, बहुतेक.

ज्या गाळ्यात तो शब्द कोणाला आत आणू दिला नाहीस, तिथे तू तो स्वतःच्या नावापुढे लिहिला होतास. दुसऱ्या सहीचा रकाना रिकामा होता. तेवढी एकच सही तू माझ्याकडे मागितली नव्हतीस.

मी पेन काढलं. तुझे ते दोन शब्द खोडले आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग रजिस्टर प्रज्ञाकडे सरकवलं. तिने सही केली नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सांगताय, एवढंच आहे हे. एका माणसाने सांगितलेलं."

मी म्हणालो, "मी कशाला खोटं बोलेन आता?"

"बाबांनीही तेव्हा तुमच्याबद्दल असाच विचार केला असेल."

ती तुझीच मुलगी आहे, मिलिंद. तिने जुना लॅपटॉप काढला, धूळ पुसली, चार्जर शोधला. तो सुरू झाला. "खरी" तसंच होतं. ती फाइल तू पुसली नव्हतीस, नावापुढे फुली मारून तिथेच ठेवली होतीस. मी ती हलवताना कॉपी केली होती, त्यामुळे ती तिथे कधी आली ती तारीख कॉम्प्युटरने धरून ठेवली होती. प्रज्ञाने एक बटण दाबून तारीख उघडली. मग फोनमध्ये त्या वर्षीच्या दसऱ्याचे फोटो उघडले. दीक्षाभूमीच्या गर्दीत तू, वहिनी आणि दोन वेण्या घातलेली ती. तीच तारीख. तिने फोन लॅपटॉपला टेकवून शेजारी उभा केला आणि दोन्हींकडे पाहत राहिली. तू दोन फाइली शेजारी ठेवून पाहायचास तशी.

दोन तारखांत लाल काही नव्हतं.

ती तारीख तुला आठ वर्षांत कधीही पाहता आली असती. एका बटणाचं काम होतं. तुझ्या मनात ते आलं नाही, कारण मी सांगितलं होतं. कुठल्याही गाडीच्या एका साक्षीवर तू कधी विसंबला नाहीस. आयुष्यात एकदाच विसंबलास, ती साक्ष माझी होती.

संध्याकाळी मी युसूफभाईला आणि बाळासाहेबांना फोन केले. युसूफभाई म्हणाला की हे संघटनेत सगळ्यांसमोर बोलावं लागेल, तो माझ्या शेजारी उभा राहील. हेच पत्र मी तिथे वाचणार आहे. बाळासाहेब एवढंच म्हणाले, "म्या त्याला लई बोललो, सर. त्यानं उलटून एक शबुद काढला न्हाई."

पण प्रज्ञाने फोटो बंद केला तेव्हा काय झालं ते सांगायचं राहिलं. तिने रजिस्टर जवळ ओढलं. दुसऱ्या सहीच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, खाली परवाची तारीख घातली. मी खोडलेले तुझे शब्द तिने बोटाने एकदा चाचपले. मग पान उलटलं आणि म्हणाली, "काका, चाकणहून एक डबा आलाय. पहिली फाइल मी वाचते. दुसरी तुम्ही वाचा."